देवदूत मरत नाही, मग शेवटच्या लढाईत पणाला काय लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत घडणाऱ्या तुमच्या तीन भागांच्या अर्बन फँटसीचा शेवटचा भाग लिहून झाला आहे. त्यात माहीम आणि वांद्रे जोडणाऱ्या माहीम कॉजवेवर देवदूतांची सेना आणि पाताळातलं सैन्य यांची ९० पानांची लढाई आहे. पहिले दोन भाग आवडीने वाचलेल्या चार मित्रांपैकी तिघांनी ही पानं नुसती चाळली. चौथा "भारी आहे" म्हणाला, पण रेवतीला, म्हणजे तुमच्या नायिकेला, जखम कुठे होते ते त्याला सांगता आलं नाही. लढाई आणखी थरारक कशी करायची, असं तुम्ही विचारता आहात.

करू नका. ९० पानांची २० करा, आणि उरलेल्या जागेत दुसरं काही भरू नका.

मी गेली अठरा वर्षं दुसऱ्यांच्या कथांचे शेवट दुरुस्त करते आहे. आधी छापील मालिका होत्या, आता बऱ्याचशा ऑडिओ मालिका असतात. देवदूत, यक्ष, जिन, अवतारी पुरुष, नाव काहीही असो, शेवटच्या भागाचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. लेखक लढणाऱ्यांची संख्या वाढवत जातो, आणि वाचकाची धाकधूक तेवढीच कमी होत जाते. कारण साधं आहे. देवदूताला काही होणार नाही हे वाचकाला ठाऊक असतं. ज्याला मरण नाही त्याच्या अंगावर तलवार आली काय आणि डोंगर आला काय, सारखंच.

ही अडचण तुमच्या आधी फार मोठ्या माणसाला आलेली आहे. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात स्वर्गातलं युद्ध तीन दिवस चालतं. पहिल्या दिवशी देवदूतांचा सेनापती मीखाएल याच्या तलवारीने सैतान चिरला जातो, आयुष्यात पहिल्यांदा त्याला वेदना कळते, आणि थोड्याच वेळात जखम भरून येते. दुसऱ्या दिवशी बंडखोर तोफा शोधून काढतात. मग देवदूत डोंगर उपटून फेकायला लागतात. तरी निकाल काही लागत नाही. तिसऱ्या दिवशी देवाचा पुत्र एकटा रथात बसून येतो आणि सगळं संपवतो. म्हणजे दोन दिवसांच्या मारामारीचा निकालाशी संबंध शून्य. समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने अठराव्या शतकातच यावर बोट ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं की या युद्धात आत्मा आणि शरीर यांचा गोंधळ झाला आहे. हा सर्ग लहान मुलांना आवडतो आणि समज वाढेल तसा मागे पडतो. मिल्टनला हे ऐकावं लागलं, तर तुम्ही चार मित्रांवर रागावू नका.

आता मूळ ग्रंथ, म्हणजे बायबल, काय करतो ते बघा. त्यातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मीखाएल आणि अजगराचं युद्ध आहे. हजारो चित्रं आणि पुतळे ज्याच्यावरून घडले ते युद्ध सातव्या ते नवव्या अशा तीन वचनांत उरकलं आहे. '२ राजे' या पुस्तकात यरुशलेमला वेढा घालून बसलेल्या अश्शूरी सैन्यातले १,८५,००० लोक एका रात्रीत देवदूताच्या हातून मरतात, आणि त्याला एकच वचन मिळतं. सकाळी उठून बघतात तर सगळी प्रेतं. देवदूत कसा दिसत होता, कसा लढला, एक शब्द नाही. जुन्या लेखकांना माहीत होतं की अमर्याद ताकदीचं वर्णन करायला गेलं की ती छोटी होते.

पण त्याच ग्रंथात एका लढतीला ऐसपैस जागा दिली आहे. याकोब यब्बोक नदीच्या उतारापाशी रात्री एकटा राहतो आणि कोणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झोंबी घेतो. उत्पत्तीच्या पुस्तकात त्याला नुसतं 'पुरुष' म्हटलं आहे. पुढे होशेय हा संदेष्टा त्याला देवदूत म्हणतो. या लढतीत काय काय आहे ते मोजा. जागा एक, नदीचा उतार. वेळेची मर्यादा एक, उजाडायच्या आत. जखम एक, मांडीचा सांधा निखळतो आणि याकोब लंगडत निघतो. मागणं एक, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे दोघांपैकी एक जण माणूस आहे. त्यामुळे हरण्याची शक्यता खरी आहे. मला कोणी देवदूतांच्या लढाईचा नमुना मागितला तर मी हीच पानं पुढे करते.

तुमच्या कॉजवेवर यातलं काहीच नाही. वेळेची मर्यादा म्हणून तुम्ही 'ग्रहण सुटेपर्यंत' घातलं आहे. ग्रहण कुठल्याही शहराला लागतं. तुमचं शहर मुंबई आहे आणि तिच्याकडे स्वतःचं घड्याळ आहे. शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास जाते, पहिली पहाटे चारच्या सुमारास येते. मधले तीन तास रुळांवर फक्त दुरुस्तीवाले असतात. मुंबईकराला या तीन तासांची जाण पोटातून असते, कारण एकदा तरी तो त्यात अडकलेला असतो. शिवाय तुमच्याकडे माहीमची खाडी आहे, मिठी नदी तिथेच समुद्राला मिळते, आणि भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं. कोळीवाड्यातलं कोणीही पोर सांगेल पाणी कधी चढणार ते. भरती लागायच्या आत, पहिल्या गाडीच्या आत. एवढं ठरवलंत की अर्धी धावपळ न लिहिताच येते.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 'सुपरनॅचरल' या अमेरिकन मालिकेचा पाचव्या पर्वाचा शेवटचा भाग बघा, १३ मे २०१० ला दाखवलेला. (शुद्ध अर्थाने ती शहरी फँटसी नव्हे, तिचे नायक गावोगाव मोटेलांत राहतात, पण तुमच्या अडचणीला याहून चपखल उदाहरण मला दुसरं माहीत नाही.) मालिकेचा कर्ता एरिक क्रिप्की याच्या मनात कथा पाच पर्वांचीच होती, त्यामुळे हा भाग खऱ्या समाप्तीसारखा बांधला आहे. मीखाएल विरुद्ध लूसिफर, म्हणजे सैतान, आणि जगाचा अंत समोर. आणि भाग सुरू कशाने होतो? १९६७ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका शेव्हर्ले इम्पाला गाडीच्या गोष्टीने. कोणाकोणाच्या हातून फिरत ती मालिकेचे नायक असलेल्या दोन भावांच्या बापाकडे आली, लहानपणी एका भावाने तिच्या ॲशट्रेमध्ये प्लॅस्टिकचा सैनिक कोंबला, तो अजून तिथेच अडकलेला आहे, वगैरे. प्रलय दाराशी आला आहे आणि निवेदक गाडीचं कौतुक सांगत बसलाय! पहिल्यांदा बघताना मी वैतागले होते.

लढाई होते ती कॅन्ससमधल्या एका जुन्या कब्रस्तानात, आणि हजर माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. धाकटा भाऊ सॅम याच्या शरीरात लूसिफर शिरलेला, सावत्र भावाच्या शरीरात मीखाएल. थोरला भाऊ डीन मध्ये येतो आणि बेदम मार खातो, पण उलटून हात उचलत नाही. लूसिफर त्याला गाडीवर आपटून मारत असताना उन्हाची तिरीप चमकते, सॅमच्या डोळ्यांना तो ॲशट्रेतला सैनिक दिसतो, आणि आतला सॅम जागा होतो. तो शरीराचा ताबा घेतो, लूसिफरला कोंडायच्या पिंजऱ्याचं तोंड उघडतो आणि मीखाएललाही ओढून सोबत खाली जातो. दोन महादूतांचं युद्ध न होताच संपतं.

हे पटतं, कारण त्यामागे एक नियम आधीच पेरलेला होता: देवदूताला माणसाचं शरीर हवं असेल तर त्या माणसाचा होकार लागतो. लूसिफरलासुद्धा. ज्याच्या हातात होकार देणं आहे, त्याच्याच हातात शेवट असणार हे वाचकाला नकळत कळलेलं असतं. खेळण्यातला सैनिक हा चमत्कार नाही. तो फक्त सॅमला त्याचा हक्क आठवून देतो.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण तुमच्या पत्रात 'चौथा भागही डोक्यात आहे' असं एक वाक्य मी वाचलं. मालिका चालली म्हणून चालूच राहिली. एकूण पंधरा पर्वं, ३२७ भाग. लूसिफरनंतर त्याहून मोठं कोण आणायचं? मग देवदूतांच्याही आधीचे राक्षस आले, मग देवाची बहीण आली, शेवटी खुद्द देवच खलनायक झाला. दरवेळी पट्टी वर सरकवायची आणि दरवेळी जग वाचवायचं. नोव्हेंबर २०२० मधल्या शेवटच्या भागात डीन मरतो तो कुठल्या देवाच्या हातून नाही, तर एका कोठारात साध्या झटापटीत पाठीत घुसलेल्या लोखंडी सळीने. चाहते आजही त्यावरून भांडतात. मला कल्पना आवडते, जागा पटत नाही: एवढी शिडी चढवल्यावर वाचकाला एका पायरीत जमिनीवर आणलं की त्याचा पाय मुरगळणारच. म्हणून आताच ठरवा. तिसरा भाग शेवट असेल तर चौथ्यासाठी खलनायकाचा एक डोळा उघडा ठेवू नका.

आता तुमच्या हस्तलिखिताकडे. मी तिन्ही भाग सलग वाचले, आणि मला वाटतं तुमचा शेवट तुम्ही पहिल्या भागातच लिहून ठेवला आहे, फक्त विसरला आहात. पहिल्या भागात, साधारण चाळिसाव्या पानावर, रात्रपाळी करून आलेल्या रेवतीच्या दारात तो देवदूत पहिल्यांदा उभा राहतो. दार सताड उघडं असूनही तो उंबरठ्याबाहेर थांबतो. आजी आतून ओरडते, "अगं, ये म्हण की त्याला!" रेवती "ये" म्हणते, तेव्हाच तो आत पाऊल टाकतो. तुम्ही हे बहुधा विनोदासाठी लिहिलंत. पण हा नियम आहे. बोलावल्याशिवाय तो येऊ शकत नाही. दुसऱ्या भागात तुम्ही हाच नियम दोनदा मोडला आहे (रुग्णालयाची गच्ची आणि दादरचा पूल), ते आधी दुरुस्त करा. आणि मग स्वतःला विचारा: त्या दुसऱ्यालाही, म्हणजे खलनायकालाही, हाच नियम लागू असेल तर त्याला या शहरात "ये" कोणी म्हटलं?

या एका प्रश्नाने तुमचा खलनायकही सुधारेल. सध्या तो काळा, उंच, दुर्गंधी आणि सतत हसणारा आहे. अशाला घरात कोण घेईल? हनोखच्या पुस्तकात, म्हणजे एका प्राचीन ज्यू ग्रंथात, दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात, आणि त्यांच्यातला अजाजेल माणसांना काय शिकवतो? तलवारी, ढाली करायला, दागिने घडवायला, डोळ्यांत काजळ घालायला. तो काही हिसकावत नाही, देतो. ईयोबाच्या पुस्तकातला सैतान तर देवाच्या दरबारात ऊठबस असलेला आहे. 'सातान' या हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधी पक्ष, आरोप ठेवणारा. थोडक्यात, सरकारी वकील. तो खोटं बोलत नाही, पुरावे मांडतो. तुमच्या खलनायकाने रेवतीला धमकी देण्याऐवजी तिच्या शहराविरुद्ध खरे पुरावे दिले तर? अँब्युलन्सवर काम करणारी मुलगी आहे ती. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्या गाड्या तिने रोज पाहिल्या आहेत. त्याचा आरोप ऐकून तिची मान नकळत हलली पाहिजे. तिथे वाचक घाबरेल.

देवदूतांची सेना मात्र काढून टाका. चारशे पंखांमुळे एकही चेहरा लक्षात राहत नाही. दानीएलाच्या पुस्तकात एक मजेदार तपशील आहे: दानीएलाकडे निरोप घेऊन निघालेल्या दूताला पारसाच्या राज्याचा अधिपती २१ दिवस अडवून धरतो, मग मीखाएल मदतीला येतो. म्हणजे देवदूतांनाही हद्दी असतात, अगदी पोलिस ठाण्यांसारख्या. हे मुंबईला काय शोभेल! मूळची सात बेटं, माहीम त्यांतलं एक. तिथे सेंट मायकेलचं जुनं पोर्तुगीजकालीन चर्च आहे, म्हणजे देवदूतांचा सेनापती तिथला रहिवासीच. बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, तिथे सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात, मेणाचे हातपाय आणि मेणाची घरं वाहतात. तुमची आजी दर बुधवारी तिथे जाते, असं तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलं आहे. ती ओळ सोन्याची आहे. वांद्र्याच्या गल्लीबोळांत दिसणारे कितीतरी क्रूस १८९६च्या प्लेगच्या काळात लोकांनी रक्षणासाठी उभारलेले आहेत. हद्दीचे दगडच ते! तुमचा देवदूत माहीमचा असेल, तर वांद्र्याच्या बाजूला त्याचं बळ चालणार नाही, आणि मधल्या कॉजवेला मग काहीतरी अर्थ येईल. तो दोन हद्दींमधला उंबरठा होईल.

भाषेबद्दल थोडं, कारण तुमचे देवदूत 'हे मानवकन्ये' म्हणतात आणि माझे दात शिवशिवतात. देवदूताला मराठी बोलायला लावण्याचा प्रयोग आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच झाला आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या निर्मितीबरोबर देवदूतांच्या बंडाचीही कथा येते. त्या परदेशी माणसाने काय केलं? ओवी घेतली, स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं, आणि ऐकणाऱ्यांच्या कानाला ओळखीची वाटेल अशी भाषा वापरली. त्याला जे जमलं ते आपल्याला जमू नये? 'देवदूत' या शब्दात 'दूत' आहे हे विसरू नका. हिब्रू 'मलाख', ग्रीक 'अँगेलोस', दोन्हींचा अर्थ निरोप्याच. निरोप्या कमी बोलतो. त्याची वाक्यं चार-पाच शब्दांच्या वर गेली की कापा.

'मुंबई स्पिरिट'ची तुमची सहा पानंही जाऊ द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी ओळखपाळख नसलेल्या माणसांना घरात घेतलं, हे तुमच्या वाचकांतल्या अनेकांनी अनुभवलं आहे. भाषण नको, त्या रात्रीचं एकच दार दाखवा. रेवतीची आजी एका भिजलेल्या अनोळखी माणसाला "ये" म्हणते. तिला वाटतं ती एका माणसाला आसरा देते आहे. तिसऱ्या भागात कळतं की त्या रात्री आत कोण आलं होतं. म्हणजे वाईट शहरात शिरलं ते एका चांगल्या कृतीतून, आणि सरकारी वकिलाचा सगळ्यात धारदार पुरावा हाच: "तुझ्या आजीनेच बोलावलं मला."

मग रेवतीकडे काय उरतं? तलवार नाही. तुमच्याच पहिल्या भागात, दहाव्या-बाराव्या पानावर, ती कामाला निघताना "जाते गं" म्हणते आणि आजी तिला टोकते, "जाते म्हणू नये, येते म्हण." आपण कोणीच घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, आणि दारातल्या माणसाला 'जा' तर सहसा म्हणतच नाही, म्हणतो, "या पुन्हा." पंचवीस वर्षं ज्या मुलीच्या तोंडून दारातल्या माणसासाठी 'जा' हा शब्द निघालेला नाही, तिला कॉजवेवर, पाणी चढत असताना, तो म्हणायचा आहे. आणि नियमाप्रमाणे तो एकदा म्हटला की दोघांनाही लागू: ज्याला घालवायचं आहे त्याला, आणि शेजारी उभ्या असलेल्या देवदूतालाही. ही तुमची किंमत. तिला ती माहीत असली पाहिजे, आणि वाचकाला तिच्या अर्धं पान आधी.

त्यानंतर दहा पानं तरी ठेवा. मिल्टनने सहाव्या सर्गात मीखाएलला सेनापती म्हणून वाया घालवलं खरं, पण शेवटी त्याला फार सुंदर काम दिलं आहे: आदाम आणि हव्वेला हाताला धरून बागेबाहेर नेऊन सोडायचं. तुमच्या देवदूतालाही जाण्याआधी असंच एखादं छोटं काम द्या. रेवतीचा खांदा निखळला असेल तर तिला माहीम स्टेशनच्या जिन्यापर्यंत पोचवू दे. पहिली गाडी यायची आहे. फलाटावर मासळीच्या टोपल्या घेऊन दोघी-तिघी बसल्या आहेत. तो निघताना काय म्हणतो, एवढंच मला तुमच्या पुढच्या खर्ड्यात वाचायचं आहे. त्याला 'येतो' म्हणता येणार नाही, हे लक्षात ठेवून लिहा.